पैसा देशाबाहेर पळतो तेव्हा: तुमचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मागच्या अंकात मी लंडनच्या कमर्शियल कोर्टातल्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या कंपन्यांची आपसातली भांडणं आणि त्यातही जिथे कोणीतरी कोणाला फसवलंय असा दिवाणी दावा असतो त्या केसेस. त्यावर इतके प्रश्न आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम काढून टाकलीत.

प्रश्न: मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. फसवणूक म्हटलं की पोलीस, अटक, जामीन एवढंच डोळ्यासमोर येतं. मग दिवाणी फसवणुकीत वकील करतो काय?

उत्तर: पैसे शोधतो. फौजदारीत प्रश्न असतो याला शिक्षा करायची का, आणि तो सरकार विचारतं. दिवाणीत ज्याचे पैसे गेले तो स्वतः कोर्टात येतो आणि विचारतो की माझे पैसे आत्ता कुठे आहेत, कोणाच्या नावावर आहेत आणि परत कसे मिळतील. त्यामुळे आमच्याकडे अटक नाही, जामीन नाही, पुराव्याची पातळीसुद्धा 'शंकेला जागाच नको' अशी नाही, शक्यता कुठल्या बाजूला जास्त आहे एवढं बघतात, पण आरोप गंभीर म्हणून जज पुरावाही तसाच ठोस मागतात.

आणि फसवणूक म्हणजे नुसतं खोटं निघणं नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी फार लवकर समजून घ्यावी. डेरी विरुद्ध पीक ही १८८९ ची केस तुम्ही वाचली असेलच, ट्राम कंपनीने माहितीपत्रकात छापलं की आम्हाला वाफेवर गाड्या चालवायचा हक्क आहे, प्रत्यक्षात त्याला बोर्ड ऑफ ट्रेडची परवानगी लागत होती, ती हवी तशी मिळाली नाही आणि कंपनी बुडाली. शेअर घेणाऱ्याने डायरेक्टरांवर दावा लावला आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, तो हरला, कारण डायरेक्टरांना ते विधान मनापासून खरं वाटत होतं. खोटं आहे हे माहीत असून बोलणं, खरं असल्याचा विश्वास नसताना बोलणं, किंवा खरं की खोटं याची फिकीरच न करता ठोकून देणं, यातलं काहीतरी लागतं. निष्काळजीपणा वेगळा. म्हणजे आमचं अर्धं काम त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं हे कागदावरून दाखवण्याचं असतं. २०१७ च्या आयव्ही विरुद्ध जेंटिंग या केसमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने अप्रामाणिकपणाची कसोटीही अशीच लावली, आधी बघा त्याची वस्तुस्थितीबद्दलची समजूत खरोखर काय होती, मग बघा की साध्या सरळ माणसांच्या मापाने ते वागणं प्रामाणिक म्हणता येईल का, त्याला स्वतःला ते ठीक वाटत होतं म्हणून तो सुटत नाही.

एक नियम आत्तापासून अंगवळणी पडू दे. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरला, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाला, अशिलाची स्पष्ट सूचना आणि विश्वास ठेवण्याजोगा पुरावा हातात असल्याशिवाय दाव्यात 'फसवणूक' लिहिताच येत नाही. अशील कितीही तावातावाने सांगू दे, राग म्हणजे पुरावा नाही.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की समोरच्याला न सांगता त्याचे जगभरातले खाते गोठवता येतात. केस अजून चाललीच नाही, तो दोषी ठरलाच नाही, तरी? मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण या कामाचा जीव इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९७५ च्या आधी इंग्लंडमध्ये हे होत नव्हतं. तुम्ही आधी खटला जिंका, मग वसुलीला या, तोपर्यंत समोरच्याचा पैसा त्याचा आहे, असाच नियम होता. मग त्या वर्षी 'मरेवा' नावाच्या जहाजाच्या मालकांची केस आली. जहाज भाड्याने दिलेलं, भाडेकरू कंपनीने ते पुढे भारत सरकारला पोटभाड्याने दिलेलं, बोर्दोहून भारतात खत नेण्यासाठी. भारतीय उच्चायुक्तालयाने आपले पैसे चोख दिले, १,७४,००० पौंड लंडनच्या बँकेत भाडेकरूच्या खात्यात जमा झाले. त्यातून मालकांना पहिले दोन हप्ते मिळाले, तिसरा आलाच नाही, भाडेकरूने कळवलं की आता देणं जमणार नाही. आणि पैसे तर समोर बँकेत दिसतायत, एक फोन केला की देशाबाहेर जातील. लॉर्ड डेनिंग यांच्या कोर्टाने सांगितलं की थांबा, हे पैसे हलवायचे नाहीत. तिथून या हुकमाला मरेवा इंजंक्शन म्हणू लागले, १९९९ च्या नव्या नियमांपासून त्याला फ्रीझिंग इंजंक्शन किंवा फ्रीझिंग ऑर्डर म्हणतात.

आता अन्यायाचा मुद्दा. तुम्ही म्हणता ते खरं आहे, हे हत्यार भयंकर आहे. बँक मेल्लत विरुद्ध निकपूर या केसमध्ये जज डोनाल्डसन यांनी फ्रीझिंग ऑर्डर आणि घरझडतीचा सर्च ऑर्डर या दोघांना कायद्याची अण्वस्त्रं म्हटलं होतं. हुकूम बँकेत पोचला की त्या माणसाचं कार्ड चालत नाही, कंपनीचे पगार अडतात, बाजारात बोभाटा होतो, आणि हे सगळं त्याने एक शब्द बोलण्याआधी. म्हणूनच त्याच्याभोवती कुंपण घातलंय. दाव्यात दम आहे हे दाखवावं लागतं, तो पैसा लांबवेल असा खरा धोका आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं, तो परदेशी आहे किंवा श्रीमंत आहे किंवा मला आवडत नाही हे पुरत नाही. शिवाय अर्ज करणाऱ्याला कोर्टाला लिहून द्यावं लागतं की हा हुकूम उद्या चुकीचा ठरला तर समोरच्याचं झालेलं नुकसान मी भरीन, आणि तेवढी ऐपत आहे हेही बऱ्याचदा दाखवावं लागतं. घरखर्च आणि वकिलाची फी यासाठी पैसे मोकळे ठेवतात. आणि गोठवले म्हणजे ते पैसे तुमचे झाले असंही नाही, ते फक्त जागेवर राहतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं कुंपण वेगळंच आहे आणि ते वकिलाच्या प्रामाणिकपणाचं आहे. समोरचा कोर्टात नसतो, म्हणून त्याच्या बाजूचं जे काही आहे ते आम्हीच जजना सांगायचं. आमच्याच ॲफिडेव्हिटमध्ये एक भाग असतो, की प्रतिवादी आज इथे असता तर काय म्हणाला असता. समजा बँकेचा दावा आहे की या माणसाने कर्ज बुडवायचं ठरल्यावर घाईघाईने घर विकायला काढलं, म्हणजे तो पळणार. मध्यरात्र उलटून गेलेली, सकाळी साडेदहाला सुनावणी, आणि ईमेल चाळणाऱ्या ज्युनियरला सापडतं की घर विकण्याबद्दल त्याने कर्ज थकायच्या दोन वर्षं आधीच एजंटला लिहिलं होतं. अशील म्हणतो, जाऊ दे ना, हे सांगायचं काम त्यांचं आहे. नाही, आत्ता ते आपलं काम आहे. आणि ते ईमेल जोडपत्राच्या चारशेव्या पानावर टाकून चालत नाही, ॲफिडेव्हिटच्या मजकुरात, जजच्या डोळ्याला पडेल असं लिहावं लागतं आणि वकिलाने ते तोंडाने वाचून दाखवावं लागतं. त्या रात्री अशील रागावतो, म्हणतो तुम्ही कोणाचे वकील. पण ब्रिंक्स मॅट विरुद्ध एल्कोम या १९८८ च्या केसपासून कोर्टाने स्पष्ट करून ठेवलंय की महत्त्वाची गोष्ट लपवली तर हुकूम रद्द होऊ शकतो, ती सांगितली असती तरी हुकूम मिळाला असता असं असलं तरीसुद्धा. नकळत राहिली असेल तर कोर्ट सांभाळून घेऊ शकतं. मुद्दाम लपवली असेल तर बहुतेक वेळा सगळं जातं, हुकूमही आणि तुमच्याबद्दलचा विश्वासही, आणि तो विश्वास परत मिळवायला वर्षं लागतात कारण जज तेच असतात, तेवढेच असतात.

साधारण दोन आठवड्यांत दुसरी सुनावणी असते, तेव्हा समोरचा येतो आणि त्याचे वकील सगळ्यात आधी हेच शोधतात की तुम्ही काय सांगितलं नाहीत. म्हणून मी नव्या मुलांना सांगते की ॲफिडेव्हिटचा तो भाग आधी लिहा, बाकीचं नंतर. तो लिहिताना हात अडखळला नाही तर समजा तुम्ही समोरच्याची बाजू अजून नीट वाचलीच नाही.

प्रश्न: आमचा छोटा एक्सपोर्टचा व्यवसाय आहे. परदेशी गिऱ्हाइकाला 'आमचं बँक खातं बदललंय' असा ईमेल आमच्याच पत्त्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून गेला आणि त्यांनी पैसे भलत्याच खात्यात भरले. चोर कोण माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसावर दावा लावता येतो का?

उत्तर: हो, इंग्लंडमध्ये येतो, 'अज्ञात व्यक्ती' असं प्रतिवादीच्या जागी लिहून. पण आधी पहिले काही तास कसे वापरायचे ते सांगते, कारण नंतरचं सगळं त्यावर आहे. पैसे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेला फोन करून फसवणूक म्हणून रिकॉल, म्हणजे पैसे परत मागवायची विनंती, टाकायला सांगायचं, ईमेल नको, फोन, आणि मग लेखी. पैसे ज्या बँकेत गेले तिच्या फ्रॉड विभागालाही थेट कळवायचं. पोलिसांत तक्रार. मूळ ईमेल फॉरवर्ड करत बसू नका, हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला या तांत्रिक नोंदीसकट, फाइल म्हणून सेव्ह करा, फॉरवर्ड केल्यावर त्यातली निम्मी माहिती जाते. आणि चोराला कळू देऊ नका की तुम्हाला कळलंय, बरेच जण रागाच्या भरात त्याच खोट्या पत्त्यावर धमकीचं उत्तर पाठवतात आणि मग उरलेला पैसाही तासाभरात हलतो.

कायद्याचा रस्ता असा आहे की ज्याने फसवलं तो माहीत नसला तरी ज्याच्याकडे माहिती आहे तो माहीत असतो, म्हणजे बँक. हा विचार आला १९७३ च्या नॉर्विच फार्माकल केसमधून. एका औषधी रसायनाचं पेटंट या कंपनीकडे होतं, कोणीतरी तेच रसायन तिच्या परवानगीशिवाय आयात करत होतं, आयात करणाऱ्यांची नावं कस्टम्सच्या कागदांत होती आणि कस्टम्स ती देईना. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की तुमची स्वतःची चूक नसेल, पण तुमच्या हातून गैरकाम पुढे सरकलंय, तेव्हा माहिती द्या. पुढे १९८० मध्ये बँकर्स ट्रस्टच्या केसमध्ये बनावट चेकांचे पैसे लंडनच्या बँकेत आले होते, तिथे बँकेलाच ग्राहकाची खाती उघड करायला लावली. आज ईमेल फसवणुकीत हेच दोन हुकूम रोज वापरतात, बँकेला ग्राहकाला कळवायची मनाई पण त्याच हुकमात असते.

तुमच्यासारखीच पण मोठ्या रकमेची एक केस होती, सीएमओसी नावाच्या कंपनीची, त्यात हॅकरने कंपनीच्या ईमेलमध्ये शिरून बँकेला खोट्या सूचना पाठवल्या. २०१७ मध्ये कमर्शियल कोर्टाने अज्ञात व्यक्तींविरुद्ध जगभर लागू होणारा फ्रीझिंग ऑर्डर दिला, मग बँकांकडून एकेक नाव कळत गेलं तसे प्रतिवादी वाढत गेले, कागद व्हॉट्सॲप आणि फेसबुक मेसेंजरवरून बजावायलाही परवानगी मिळाली.

पण मनापासून सांगते, रक्कम लहान असेल तर हा रस्ता धरू नका. लंडनमधला एक तातडीचा अर्ज करायचा तर तुमच्या बुडालेल्या रकमेपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो, आणि जो वकील पहिल्या भेटीत हे सांगत नाही त्याच्याकडे जाऊ नका. बँकेतून काय मिळतं ते बघा, विमा आहे का बघा, आणि गिऱ्हाइकाशी बोला, कारण चुकीच्या खात्यात भरल्यामुळे त्याचं तुम्हाला देणं फिटलं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, तो करारावर आणि कोणाची ईमेल यंत्रणा फुटली त्यावर अवलंबून आहे. बऱ्याचदा तोडगा तिथेच निघतो.

प्रश्न: खटला जिंकला की पैसे मिळतात ना?

उत्तर: नाही. जजमेंट हा कागद आहे, वसुली हा दुसरा खटला. विजय मल्ल्यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे म्हणून तेच घेते. भारतातल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा ६,२०३ कोटींचा आणि वर व्याजाचा निकाल बँकांनी लंडनमध्ये नोंदवला, जगभरातल्या मालमत्तेवर फ्रीझिंग ऑर्डर होता, २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या कोर्टाने तो उठवायला नकार दिला, नोंद झालेली रक्कम १.१४५ अब्ज पौंडांच्या घरात. आणि त्यानंतरही बँकांना दिवाळखोरीच्या कोर्टात जावं लागलं, तो आदेश मिळाला जुलै २०२१ मध्ये. निकाल बाजूने असताना मधली तीन वर्षं.

कझाकस्तानच्या बीटीए बँकेची केस त्याहून कठीण. बँकेने आपल्याच माजी अध्यक्षावर, मुख्तार अब्ल्याझोव्ह यांच्यावर, लंडनमध्ये अब्जावधी डॉलरचे दावे लावले. २००९ पासून फ्रीझिंग ऑर्डर होता, त्यात आपली सगळी मालमत्ता सांगावी लागते, त्यांनी ती दडवली असं कोर्टाला आढळलं आणि २०१२ च्या फेब्रुवारीत अवमानाबद्दल २२ महिने कैद झाली. तोवर ते इंग्लंड सोडून गेले होते. अशा केसमध्ये आमच्या टीमचं काम म्हणजे कंपन्यांचे पदर सोडवणं, एका बेटावरची कंपनी दुसऱ्या बेटावरच्या कंपनीची मालक, तिचा मालक तिसरीकडचा ट्रस्ट, आणि प्रत्येक ठिकाणी तिथले वकील, तिथले नियम, तिथलं कोर्ट. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या वकिलाशी फोन संपतो तोवर सिंगापूरचा दिवस सुरू झालेला असतो.

म्हणून चांगला वकील दावा लावायच्या आधी विचारतो की मालमत्ता कुठे आहे आणि त्या देशात आपला निकाल चालेल का. लवादाचे निवाडे १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे बहुतेक देशांत चालतात, कोर्टाच्या निकालांचं तेवढं सोपं नाही, परदेशी कोर्टांचे निकाल मानण्याबद्दलचा हेग करार १ जुलै २०२५ पासून ब्रिटनला लागू झालाय त्याने युरोपात थोडं सोपं होईल.

प्रश्न: तुम्ही फसवणाऱ्यांच्याही केसेस घेत असाल. रात्री झोप लागते का?

उत्तर: लागते, आणि हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत. 'फसवणारा' हा शब्द तुम्ही आधीच वापरलात बघा, तो अजून ठरलेला नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रतिवादींत खरोखर काही न केलेली माणसं असतात, कोणाच्या नवऱ्याने तिच्या नावावर कंपनी काढलेली असते, कोणी भागीदाराशी भांडण झालं म्हणून फसवणुकीच्या दाव्यात ओढला जातो कारण तो आरोप नुसता ऐकूनच बँका दारं बंद करतात. अशा माणसाच्या बाजूने उभं राहणं हे मला वादीच्या बाजूने उभं राहण्याइतकंच गरजेचं वाटतं. बॅरिस्टरांना तर इंग्लंडमध्ये नियमच आहे की आपल्या विषयातली केस अशील आवडत नाही म्हणून नाकारायची नाही.

पण सीमा आहे. खोटं ठाऊक असताना कोर्टासमोर ठेवायचं नाही, हे कुठल्याही अशिलासाठी मोडत नाही. आणि ती मोडली की काय होतं यासाठी नायजेरियाची केस प्रत्येक तरुण वकिलाने पूर्ण वाचावी. २०१० मध्ये पीअँडआयडी नावाच्या कंपनीने नायजेरियाशी गॅस प्रकल्पाचा करार केला. प्रकल्प कधी उभा राहिलाच नाही. लंडनच्या लवादाने २०१७ मध्ये कंपनीला ६.६ अब्ज डॉलर दिले, व्याज धरून ते पुढे ११ अब्जांवर गेले, एका देशाच्या तिजोरीला भोक पडेल एवढी रक्कम. नायजेरियाने मुदत उलटून गेल्यावर आव्हान दिलं आणि तरी कोर्टाने ऐकलं, कारण फसवणुकीचा पुरावा समोर यायला लागला होता. २३ ऑक्टोबर २०२३ ला जज रॉबिन नोल्स यांनी निकाल दिला की करार होताना कंपनीने लाच दिली होती, लवादापुढे खोटी साक्ष दिली होती, आणि नायजेरियाच्या वकिलांचे गोपनीय कागद कंपनीच्या हातात आले ते परत न करता लवाद चालू असताना जवळ ठेवले होते. निवाडा टिकला नाही. निकालाची प्रत वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थांकडेही पाठवली.

मला त्यात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट लाच नाही वाटत, ते कागद वाटतात. समोरच्याचा गोपनीय कागद चुकून आपल्या टेबलावर येणं हे या धंद्यात कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. त्या क्षणी वाचणं थांबवायचं, सीनियरला सांगायचं, समोरच्या वकिलांना कळवायचं. पहिल्या वर्षाच्या मुलाला जमेल इतकं ते साधं आहे.

प्रश्न: मुलीला लंडनमध्ये सॉलिसिटर व्हायचंय, आमच्या इथली सनद तिच्याकडे आहे. पुन्हा सगळं शिकावं लागेल का? आणि आम्ही तिला जाऊ द्यावं का?

उत्तर: पुन्हा पदवी नको. सप्टेंबर २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे, पहिल्या टप्प्यात १८०-१८० प्रश्नांचे दोन पेपर, दुसऱ्यात १६ प्रात्यक्षिकं, त्यात अशिलाशी बोलणं आणि कोर्टात बाजू मांडणं पण येतं. इतरांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो तो दुसऱ्या देशात आधीच सनद असलेल्यांना लागत नाही. पण परीक्षा पास होणं आणि या विशिष्ट कामात नोकरी मिळणं यात मोठं अंतर आहे ताई, टीम लहान असतात आणि जागा थोड्या. तिला इतर देशांतल्या कोर्टांचा किंवा लवादाचा अनुभव असेल, हिशेबाची वही वाचता येत असेल, आणखी एखादी भाषा पक्की असेल तर ते फार उपयोगी पडतं, अर्जात पहिल्या पानावर लिहायला सांगा. सिंगापूर आणि दुबईतही आता आंतरराष्ट्रीय व्यापारी कोर्टं आहेत, फक्त लंडनवर अडून राहू नये. जाऊ द्यावं का, हे तिलाच ठरवू द्या.

प्रश्न: क्रिप्टो आणि एआय आल्यावर हे काम राहणार आहे का?

उत्तर: वाढलंय. २०१९ च्या एका खंडणीच्या केसमध्ये कॅनडातल्या विमा कंपनीची सिस्टिम हॅकरने बंद पाडली, तिच्या इंग्लिश विमा कंपनीने ९,५०,००० डॉलरचे बिटकॉइन भरले, मग माग काढला तर बरेचसे एका एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावर, सापडले आणि कोर्टाने बिटकॉइन ही मालमत्ता मानून ते परत मिळवण्यासाठी हुकूम दिला. पण माग काढणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. २०२४ मध्ये एका माणसाचा एका एक्स्चेंजविरुद्धचा दावा हायकोर्टात पडला, कोर्टाने तत्त्व मान्य केलं की असं नाणं मालमत्ता असू शकतं आणि त्याचा माग काढता येतो, पण त्याचीच नाणी त्या एक्स्चेंजच्या वॉलेटपर्यंत पोचली हे तज्ज्ञाच्या पुराव्यातून सिद्ध झालं नाही. रंगीत आलेख दाखवून भागत नाही, एका व्यवहारातून दुसऱ्यात का गेला आणि मधे मिसळलेल्या पैशांचं काय, याचं प्रत्येक पायरीला उत्तर द्यावं लागतं.

एआयबद्दल एवढंच सांगते की जून २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टासमोर ८.९४ कोटी पौंडांचा एक दावा होता, त्यात दाखले म्हणून दिलेल्या ४५ केसेसपैकी १८ अस्तित्वातच नव्हत्या, अशिलाने शोधून दिलेलं वकिलाने न तपासता वापरलं होतं. कोर्टाने फार कडक शब्दांत ऐकवलं. साधन कुठलंही वापरा, सहीच्या वर जे लिहिलंय ते तुम्ही स्वतः उघडून वाचलेलं हवं.

प्रश्न: मी अशाच एका टीममध्ये ज्युनियर आहे. दिवसभर ईमेल आणि बँक स्टेटमेंट वाचतो, कोर्टात फक्त फाइल घेऊन मागे बसतो. आयुष्य वाया चाललंय असं वाटतं. सोडू का?

उत्तर: सोडायचं असेल तर थकव्यामुळे सोडा, तब्येतीमुळे सोडा, ते रास्त आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. रात्र-रात्र जागरण महिनोन्महिने चाललं असेल तर आधी सीनियरशी त्याबद्दल बोला, चांगल्या टीममध्ये ऐकतात. पण 'मी नुसतं वाचतोय' म्हणून सोडत असाल तर जरा थांबा, कारण या शाखेत केस तिथेच जिंकली जाते आणि कोर्टात फक्त ती दिसते.

बँक स्टेटमेंट कसं वाचता ते मला सांगा. वरून खाली वाचत असाल तर कंटाळा येणारच. मी आधी गोल आकडे बघते, बरोबर पाच लाख, बरोबर दहा लाख, कारण खऱ्या बिलांना शेपूट असतं, कर असतो, वाहतूक असते. मग बघते की ज्या दिवशी आत आले त्याच दिवशी तेवढेच बाहेर गेले का. मग त्याच तारखेचे ईमेल उघडते, आणि ईमेलमध्ये काय लिहिलंय त्याआधी कोणाला कॉपी केलेलं नाही ते बघते, नेहमी प्रत्येक पत्रात असणारा अकाउंटंट नेमका त्या आठवड्यात गायब असेल तर तिथे पेन ठेवा. 'सल्लागार फी' असं लिहिलेलं इनव्हॉइस असेल तर सल्ला कुठे आहे ते शोधा, एखादं पान, एखादी मीटिंग, काहीच नसेल तर तेही नोंदवा. मार्चचं इनव्हॉइस आणि त्याची फाइल जुलैत बनवलेली, हे फाइलच्या गुणधर्मांत दिसतं, उलटतपासणीत बॅरिस्टर त्यावर अर्धा दिवस घालवू शकतो आणि ते शोधलेलं तुम्ही असता.

आणि घटनाक्रमाचा तक्ता तुमच्याकडे मागून घ्या, सीनियरला सांगा की हा मी सांभाळतो. तारीख, काय घडलं, कुठल्या कागदावरून, आणि चौथा रकाना जो फार कमी जण ठेवतात, समोरचा यावर काय म्हणेल. एप्रिल २०२१ पासून साक्षीदारांच्या निवेदनाचे नियमही बदललेत, ती त्यांच्या स्वतःच्या शब्दांत हवीत आणि आठवण ताजी करायला कुठले कागद दाखवले त्याची यादी द्यावी लागते, म्हणजे साक्षीदाराला काय दाखवायचं आणि काय नाही हा निर्णय आता फार मोलाचा झालाय आणि तो त्याच तक्त्यावरून होतो. पुढची केस येईल तेव्हा पहिल्या दिवसापासून तो तक्ता तुमच्या हातात असू दे, आणि सहा महिन्यांनी मला पुन्हा लिहा की अजून सोडावंसं वाटतंय का.